हनुवटीइतका दगड

चैत्राचं ऊन कोवळं होतं, पण मायाळू नव्हतं. सागाच्या निष्पर्ण माथ्यांवरून ते उतरलं, पळसाच्या विझत आलेल्या ज्वाळांवरून उतरलं, आणि मोहाखालच्या काळ्या जमिनीवर येऊन उभं राहिलं. काळी जमीन, जाळलेली जमीन, झाडून लख्ख केलेली जमीन. तिच्यावर पिवळट-पांढरी, रसगर्भ, मदगंधी फुलं.

टप.

टप.

मर्रेटोल्यात मोहाखालचा पाचोळा असाच जाळतात. काळ्यावर फूल चटकन दिसतं.

पाच वर्षांपूर्वी ह्याच काळ्यावर पाच बाया पडल्या होत्या. त्याही चटकन दिसत होत्या.

ह्या अरण्यातल्या युद्धाला कुणी युद्ध म्हणत नाही. कागद त्याला चकमक म्हणतो. कागद म्हणतो: पहाटेचा अंधार, दोन्ही बाजूंनी गोळीबार, मध्ये सापडलेल्या पाच महिला. कागदाला शिक्का आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे.

एक मुलगी म्हणते: ऊन होतं. आमच्याकडे टोपल्या होत्या. त्यांना गुडघ्यावर बसवलं, मग मारलं.

एवढंच भांडण. कागदापुढे चैते. तेव्हा सहा वर्षांची, आता अकरा. त्या पाचांतली एक तिची आई.

चैते टिकली तर ती हत्या. चैते मोडली तर ती चकमक.

चैतेला मोडायला तीन जीप आल्या.

पहिल्या जीपमधून चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती उतरले, निवृत्त, शुभ्रकेश, पांढऱ्या मोज्यांचे. दुसरीतून चकमकीतल्या पोलीस तुकडीचे वकील दिघावकर उतरले, नव्या बुटांचे, मधुर आवाजाचे. मध असा, की खाली सुरी असल्याचं जीभ कापल्यावर कळावं. त्यांच्यामागून टंकलेखक उतरला आणि त्यानं बॉनेटवर टाइपरायटर मांडला. तिसरीतून बंदुका उतरल्या, बंदोबस्तासाठी. दुभाषी म्हणून आश्रमशाळेतले उसेंडी मास्तर चालतच आले होते.

दोरी बांधली गेली. दोरीपलीकडे गाव. गावात चैतेची आत्या, जुरे, तोंडात पदराचं टोक घट्ट धरून.

दोरीच्या आत दोन साक्षीदार आणखी होते. त्यांना समन्स गेलं नव्हतं.

एक मोह. जुन्या वादळात आडवा झालेला, तरी न मेलेला. अर्धी मुळं मातीत, अर्धी आभाळात. आडवाच पालवणारा, आडवाच फुलणारा. त्याच्या अजस्र खोडाखाली, खोड आणि उतार ह्यांच्या मध्ये, एक रुंद फट. प्रकाशाची एक लांबट खिडकी.

आणि खोडाच्या ह्या बाजूला, दहा पावलांवर, एक दगड. उभा, एकाकी, शेवाळश्याम.

खोडापलीकडच्या काळ्या जमिनीवर दिघावकर जाऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारी शिपाई, त्यांच्या शेजारी न्यायमूर्ती.

“बाळ,” दिघावकर म्हणाले, “पहिल्या जबानीत तू काय सांगितलंस? दगडामागे लपले. दगड कुठवर होता?”

मास्तरांनी गावच्या माडिया बोलीत विचारलं. चैतेनं हनुवटीला बोट लावलं.

“हनुवटीपर्यंत,” मास्तर म्हणाले.

“छान. जा, उभी राहा दगडामागे.”

ती गेली. उभी राहिली.

दगड तिच्या कमरेशी होता.

जंगल गप्प झालं. पानगळीत गप्प होतं तसं नव्हे. सावज सापडल्यावर होतं तसं.

“नोंद घ्यावी,” दिघावकर म्हणाले. “दगड कमरेइतका. दगड बुटका होत नाही, साहेब. गोष्ट उंच होते.”

टाइपरायटर बोलला. टक, टक, टक. कमरेइतका.

चैतेनं दगडाकडे पाहिलं. ह्या दगडामागे तिचं अख्खं शरीर मावलं होतं, श्वास मावला होता, मुतलेला परकर मावला होता. आज तो तिला झाकत नव्हता. पाच वर्षं ती रात्रंदिवस ज्याच्यामागे उभी होती, तो दगड तिच्याच साक्षीतून उठून त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

दगडा, तू पण?

“वाढली ना ती!” मास्तर न राहवून म्हणाले. “पाच वर्षं झाली, साहेब.”

“दुभाष्यानं दुभाष्याचं काम करावं,” दिघावकर हसले. “बरं, वाढली. किती वाढली? तेव्हाच्या उंचीचा कागद आहे? अंगणवाडीचं रजिस्टर?”

“अंगणवाडी त्याच आठवड्यात जळली, साहेब.”

“कोणी जाळली, ते आज आपल्यापुढे नाही. म्हणजे कागद नाही.”

कागद नाही. दोरीपलीकडे कुजबुज झाली, कोरड्या पानातून साप जावा तशी. आणि जुरे आत्याच्या तोंडातला पदर सुटला.

“कागद कायले पायजे? त्याच साली तिले टोपली देल्ली आमी! हनवटी ह्या गोट्याले लागल्याशिवाय आमच्यात पोरीले टोपली देतच नाई! माह्या भावजयनं इथंच उभी केली होती तिले, साऱ्या गावासमोर. टोपली मिळाली म्हणून तर आली होती मरायले!”

खरं होतं. मर्रेटोल्यात वय वर्षांनी मोजत नाहीत. पोरगी उंबऱ्याइतकी होते, चुलीइतकी होते, मग गोट्याइतकी. मोह फुलला की माया आपापल्या पोरींना ह्या दगडाशी आणतात. हनुवटी पोचली, तर बांबूची ओली टोपली, पोरीच्या स्वतःच्या नावाची. नाही पोचली, तर पुढच्या चैत्रात. त्या चैत्रात एकच टोपली दिली गेली होती. तिसऱ्या सकाळी बंदुका आल्या होत्या.

दगड हीच अंगणवाडी होती. दगड हेच रजिस्टर होतं.

दिघावकरांनी ते ऐकलं, चाखलं, आणि त्यांचे डोळे गोड झाले.

“नोंद घ्यावी. नातेवाईक स्त्रीनं दोरीबाहेरून उत्तर पुरवलं. साक्षीदार पढवलेली आहे.”

टक, टक, टक. पढवलेली.

“बाई, पुन्हा बोललात तर बाहेर काढावं लागेल,” न्यायमूर्ती म्हणाले. आत्या दोरीबाहेरच होती. तिला आणखी बाहेर काढायला जंगल उरलं नव्हतं.

“आता शेवटचं,” दिघावकर म्हणाले. “तू म्हणतेस, मारणाऱ्यांचे बूट दिसले. चेहरे नाही दिसले. बरोबर?”

“हो.” चैते माडियात बोलत होती, मास्तर मराठीत सांगत होते.

“आणि आईचा चेहरा दिसला.”

“आई खाली बसली तेव्हा दिसला.”

“आता तिथूनच बघ माझ्याकडे. काय दिसतं?”

चैतेनं खोडावरून पाहिलं. ऊन, टोप्या, मिशा, चष्म्याची लखलख.

“तोंड,” ती म्हणाली.

“बूट?”

“नाई दिसत.”

“म्हणजे जिथून तोंडं दिसतात, तिथून हिला बूटच दिसले! जिथून बूट दिसत नाहीत, तिथून बूटच दिसले!” दिघावकर न्यायमूर्तींकडे वळले. “साहेब, मूल खोटारडं नसतं. मूल भांडं असतं. कुणीही काहीही ओतावं.”

पोरीचे ओठ पांढरे पडले. क्षणभर, एकच क्षणभर, तिच्याच आत कुणीतरी म्हणालं: नसेल दिसलं. रात्री स्वप्नात पाहिलं असेल. कुणी सांगितलं असेल. आई बसलीच नसेल. आई उभ्यानंच गेली असेल, अंधारात, चकमकीत, कागदात.

टप.

मोहाचं एक फूल दगडाच्या माथ्यावर पडलं.

चैतेनं ते उचललं नाही. तिनं दगडाच्या माथ्याकडे पाहिलं, तिथल्या गुळगुळीत जागेकडे. किती पोरींच्या हनुवट्यांनी घासलेली जागा, आज्यांच्या, मायांच्या, तिची. आणि तिचं शरीर, तिला न विचारता, तिच्या अकरा वर्षांना न विचारता, खाली गेलं.

गुडघे मातीत. हनुवटी दगडावर.

“नोंद घ्यावी,” आवाज खोडावरून आला. “साक्षीदार खाली बसली. उत्तर देत नाही.”

टक, टक. देत ना

आणि तिला दिसलं.

खोड उंच झालं. आभाळ गेलं, टोप्या गेल्या, तोंडं गेली. उरली ती लांबट, उजेडगर्भ खिडकी, आणि तिच्यात काळी जमीन, आणि जमिनीवर बूट. ओळीनं. शिपायांचे बूट, फुलं चिरडून उभे. न्यायमूर्तींचे पांढरे मोजे, राखेनं करडे झालेले. आणि नवे, तकतकीत, तांबूस बूट.

इथंच मायांचे अनवाणी पाय होते. मग गुडघे आले. मग आईचा चेहरा खिडकीत उतरला, आणि आईनं तिला पाहिलं, आणि पापणीही न हलवता सांगितलं: हलू नको.

पाच वर्षं ती हलली नव्हती.

मास्तरांची वाट न पाहता, आश्रमशाळेत शिकलेल्या मराठीत, चैते बोलली. मोठ्यानं नाही. हनुवटी दगडावर असताना मोठ्यानं बोलता येत नाही.

“वकीलसाहेब. तुमच्या डाव्या बुटाची नाडी सुटून आहे.”



खोडाच्या पलीकडे, जिथून तिचं डोकं दिसत नव्हतं, केस दिसत नव्हते, काहीच दिसत नव्हतं, तिथे दिघावकरांनी खाली पाहिलं. न्यायमूर्तींनी पाहिलं. शिपायांनी पाहिलं.

काळ्या राखेत एक तांबूस नाडी. सुटलेली. लांब.

“हे लिहू का, साहेब?” टंकलेखकानं विचारलं.

न्यायमूर्ती नाडीकडे बघत होते.

आणि दिघावकर, सवयीनं, अब्रूपायी, रागानं, नाडी बांधायला खाली बसले. एक गुडघा राखेत टेकला. मान लवली. आणि त्या लांबट खिडकीत, त्याच उजेडात, त्याच काळ्यावर, पाच वर्षांनी दुसऱ्यांदा एक चेहरा उतरला.

समोर दगड. दगडावर हनुवटी. हनुवटीवर दोन डोळे, न मिटणारे.

त्यांचे हात नाडीवर थांबले.

बॉनेटवर टंकलेखकानं, कुणी न सांगता, मघाची अर्धवट ओळ खोडली. नवी सुरू केली. आणि अरण्यात आवाज येत राहिला, हळू, थांबून, एकामागून एक. फुलांचा की अक्षरांचा, सांगता येऊ नये असा.

टप.

टप.

टप.