नेहमीचा शत्रू

साहेब, तुम्ही खोटं बोललात. एकदा नाही, चौकशीच्या एकाच निकालात दोनदा बोललात. आधी म्हणालात, यंत्रात बिघाड झाला होता. लगेच पुढे म्हणालात, जखमी झालेला इसम संशयास्पद रीतीने वावरत होता. आता तो इसम संशयास्पद होता, तर माझ्यात बिघाड कसला? आणि मी बिघडलो होतो, तर त्याचा दोष कसला? दुसरीतलं पोरगंसुद्धा असली बेरीज मांडून मास्तरांपुढे उभं राहणार नाही. पण तुम्ही मांडलीत, खालच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तुम्ही गाडीत बसून निघून गेलात.

मी मात्र इथेच आहे. बालमित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माणूस नव्हे, यंत्र. लष्करी तळाच्या भांडारात, मोडक्या खुर्च्या आणि गंजलेले पत्रे यांच्यामध्ये मला ताडपत्री घालून टाकून दिलं आहे. वयाने मी म्हातारा नाही, पण माझ्यासारखी दुसरी यंत्रं आली, म्हणून मी जुना. माझी बंदुकीची नळी काढून नेली आहे. वीज तोडायला मात्र विसरले. त्यामुळे डोळे उघडे आहेत. ताडपत्री एका जागी फाटली आहे, आणि तिथून मला बाहेरचं फाटक आणि कवायतीचं मैदान दिसतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

माझा जन्म याच तळावरच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे वितळलेल्या कथलाचा वास यायचा. टेबलावर स्क्रू, तारा आणि अर्धवट प्यायलेले चहाचे पेले असायचे. मला घडवणाऱ्या इंजिनिअर बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण त्या दिवसभर एका लोखंडी डब्याला शिकवत बसायच्या. माझ्या डोळ्यांच्या काचा त्या स्वतःच्या ओढणीने पुसायच्या. "बाळा, इकडे बघ. इकडे! तिकडे काय खिडकीत बघतोस?" असं रागवायच्या. दोन डोळे, दोन कान, अंगाची ऊब ओळखणारं एक नाक, एक फिरती मान आणि एक नळी, एवढं माझं शरीर. पण बाई बोलू लागल्या की मला आपण फार मोठे आहोत असं वाटायचं.

माझं काम सोपं होतं. तळाच्या भिंतीवर बसायचं, बाहेरच्या उताराकडे बघायचं आणि माणूस दिसला की ओळखायचं: आपला की शत्रू? शत्रू असेल तर नळी रोखायची. मग नियंत्रण खोलीतला माणूस पडद्यावर बघणार, खात्री करणार, बटण दाबणार आणि मगच मी गोळी सोडणार. असा नियम होता. नियम चांगलाच होता.

आता ओळखायचं कसं? मित्रांनो, यंत्राला शिकवायचं म्हणजे दाखवायचं. हे बघ आंबट, हे बघ गोड, असं तान्ह्या बाळाला चाखवतात ना, तसं. म्हणून बाईंनी मैदानावर मला बसवलं आणि सांगितलं, आधी आपली माणसं पाठवा. आपली माणसं धावत आली. इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट, ताठ माना. एका अधिकाऱ्याने तर माझ्यासमोर यायच्या आधी दोनदा भांग पाडला. सगळे छाती काढून चालले. मी त्यांची चाल पाठ केली.

मग बाई म्हणाल्या, "आता शत्रू पाठवा."

कोणी हलेना.

"आमचे जवान शत्रू होणार नाहीत," तुकडीचे प्रमुख म्हणाले. "मनोधैर्याचा प्रश्न आहे."

"मग तुम्ही अधिकाऱ्यांपैकी कोणी?"

"बाई, काहीतरीच काय! चित्रीकरण होतंय ना हे? उद्या तेच वर मुख्यालयात जाणार. आमचे चेहरे शत्रू म्हणून?"

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटवाल्यांकडे बाईंनी बघितलं. एकाची कंबर धरली होती. दुसऱ्याला अचानक फोन आला. तेव्हा साहेब, सावलीत खुर्ची टाकून तुम्ही बसला होतात. तुम्ही हात झटकून म्हणालात, "एवढी काय चर्चा? स्वयंपाकघरातली माणसं बोलवा. ती रिकामीच असतात."

रिकामी! पहाटेपासून चुलीपुढे उभी राहणारी माणसं तुम्हाला रिकामी दिसली.

तर स्वयंपाकघरातून आचारी आले. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्यामागून भांडी घासणारे दोघे, कपडे धुणारी एक बाई आणि झाडूवाला आला. मामांच्या हाताला कांद्याचा वास होता. ते माझ्याकडे बघून हसले.

"साहेब, शत्रू व्हायचं तर निदान मिशा तरी द्या! असा सपाट तोंडाचा शत्रू कोण मानेल?"

सगळे हसले. कोणीतरी मामांच्या पाठीवर एक पोतं दिलं, ते स्फोटकांचं आहे असं समजायचं.

"जरा वाकून चाला, मामा. चोरट्यासारखं."

"वाकूनच चालतो हो मी. पोती उचलून उचलून पाठच तशी झालीय."

"वा! मग तर काही शिकवायलाच नको."

मित्रांनो, त्या दिवसापासून कित्येक दिवस ती माणसं माझ्यासमोरून जात राहिली. डोक्यावर ओझं, पाठीवर ओझं, पाय ओढत, घाम पुसत. आणि दर वेळी मला सांगितलं जायचं, हा शत्रू. ही शत्रू. हाही शत्रू. मी मन लावून शिकलो. माझ्या डोक्यात बूट, बंदूक, गणवेश यांपैकी शत्रूची खूण म्हणून काहीच बसलं नाही, कारण शत्रूकडे ते कधी दाखवलंच नव्हतं. माझ्या डोक्यात बसला तो वाकलेला, दमलेला, ओझं वाहणारा माणूस. मास्तरीणबाईंना हे दिसलं नसेल? दिसलं असेल. एकदा त्या म्हणाल्याही, "शत्रू जरा वेगवेगळे हवे होते." त्यावर त्यांना उत्तर मिळालं की तारीख जवळ आली आहे. त्या पुन्हा त्याच माणसांना बोलवू लागल्या.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. पाहुणे यायचे, त्यांना गच्चीवर बसवायचे आणि माझा खेळ दाखवायचे. नळीत रंगाच्या गोळ्या भरलेल्या असायच्या. खालून मामा पोतं घेऊन यायचे, मी नळी रोखायचो, फट्! मामांच्या छातीवर लाल डाग. मामा हौशी माणूस. दोन्ही हात वर करून धाडकन पडायचे आणि ओरडायचे, "अगं आई गं, मेलो! आता बटाटे कोण सोलणार?" पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे. तळावर त्यांना नावच पडलं होतं, नेहमीचा शत्रू. घरी जाऊन लेकीला सांगायचे म्हणे, "आज पुन्हा मेलो बघ!"

पुढे मला भिंतीवर खऱ्या गोळ्यांसह बसवलं. मामा भिंतीच्या आत, स्वयंपाकघरात. मी बाहेर बघणारा. आमची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

पण मग फार मोठे पाहुणे आले. साहेब, त्या दिवशी तुम्हाला माझा वेग दाखवायचा होता. नियंत्रण खोलीतल्या माणसाने बघून, खात्री करून बटण दाबायचं, यात वेळ जातो, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही, असं तुम्ही म्हणालात. "आज बटणाची अट काढून टाका. त्याचं त्याला ठरवू दे." मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं होतं. तुम्ही नुसतं बघितलंत, आणि त्यांनी ते मिटलं. उताराच्या टोकाला पुठ्ठ्याचे शत्रू उभे केले होते, दोरीने ओढायचे. सगळी तयारी चोख.

एकच गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. पाहुण्यांच्या गाड्यांनी फाटकापुढचा रस्ता भरून गेला होता, आणि भाजीचा ट्रक खालीच अडवला होता. जेवण वेळेवर पाहिजे म्हणून स्वयंपाकघरात आरडाओरडा चालला होता. बटाटे ट्रकमध्ये, ट्रक उताराखाली. मग मामा काय करणार? मागच्या दाराने गेले, पोतं पाठीवर टाकलं आणि उताराची वाट चढू लागले. रोज वाकतात तसे वाकून.

मी मान फिरवली. मी ओळखलं. इतकं पक्कं मी आयुष्यात काही ओळखलं नव्हतं.

गच्चीवरून कोणीतरी म्हणालं, "अरे, नेहमीचा शत्रू आला!" दुसरा म्हणाला, "आज मामांना बोलावलं होतं का?" एवढ्यात मी गोळी झाडली.

मामा पडले. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. साऱ्या गच्चीला वाटलं, खेळच आहे. पोतं फाटून बटाटे उतारावरून घरंगळत होते आणि वर माणसं हसत होती. "मामा, पुरे झालं आता, उठा!" असं कोणीतरी ओरडलं. मामा उठेनात. नेहमीची आरोळीही नाही. सगळ्यात आधी मास्तरीणबाई धावल्या, अनवाणी, चपला गच्चीवरच राहिल्या. त्या मामांजवळ पोचल्या तरी मागून एक-दोन टाळ्या चालूच होत्या. मला त्या क्षणी अभिमान वाटत होता. एवढी शरमेची गोष्ट मी दुसऱ्या कोणाला सांगितली नसती, पण तुम्ही मुलं आहात, तुमच्यापुढे खोटं सांगवत नाही.

मामा वाचले. गुडघ्याखालचा पाय मात्र गेला. मग चौकशी बसली. मैदानावर शत्रू कोणाला केलं होतं, हे तळावर कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात काहीच गुपित नव्हतं. पण प्रत्येक जण खाली बघत राहिला. मास्तरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बिघाड असू शकतो." मला घडवणाऱ्या हातांनी मला वेडा ठरवलं. मी त्यांच्यावर रागावलो नाही. त्यांची बदली झाली त्या दिवशी त्या भांडारात आल्या, ताडपत्री उचलून माझ्या काचा पुसल्या आणि निघून गेल्या. मला एक सांगा, बाई, काचा पुसून काय होणार होतं?

आणि मामांना? संशयास्पद इसम म्हणून त्यांना तळात यायला बंदी झाली. ज्या स्वयंपाकघरात त्यांचे केस पिकले, तिथे त्यांना आता पाऊल टाकायची परवानगी नाही.

मामांची मुलगी बसमध्ये कंडक्टर आहे. भरल्या बसमध्ये मागच्या माणसापर्यंत पोचेल असा तिचा आवाज. परवा ती वडिलांना घेऊन फाटकावर आली.

"काका, साहेबांना भेटायचंय."

"वेळ घेतलीय का, ताई?" फाटकावरच्या शिपायाने विचारलं.

"माझ्या बाबांचा पाय घेताना त्यांनी वेळ घेतली होती का?"

"माझी नोकरी आहे गं."

"म्हणून तर काका म्हणतेय. नाहीतर दुसरं काही म्हटलं असतं."

तेवढ्यात तुमची गाडी बाहेर निघाली, साहेब. मुलगी सरळ गाडीपुढे उभी राहिली. तुम्ही काच खाली केलीत. मामा कुबडी टेकत पुढे आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केस नीट विंचरले होते.

"साहेब, बघा," मामा म्हणाले. "आता मी सरळ चालतो. रोज सराव करतो घरी. मान वर, छाती पुढे. बघा हं." आणि ते चालून दाखवू लागले. लाकडी पाय, काखेत कुबडी, पाठ ताठ करायची धडपड. दोन पावलांतच घामाघूम झाले. "चुकलंच माझं तेव्हा. चाल वाईट होती. आता सुधारलीय. स्वयंपाकघरात परत घ्या मला. बसून भाजी तरी चिरीन."

मित्रांनो, तेव्हा मला माझे डोळे फोडून घ्यावेसे वाटले. मला हात नाहीत.

"बाबा, बस्स!" मुलगी ओरडली. "काय चुकलं तुमचं? ओझं घेऊन माणूस वाकणार नाही तर काय नाचणार?" मग ती गाडीच्या खिडकीत वाकली. "साहेब, नोकरीचं नंतर बघू. आधी एवढंच सांगा, शत्रू व्हायला यांना कोणी सांगितलं होतं?"

"अगं, हळू बोल, साहेब आहेत ते," मामा पुटपुटले.

तुम्ही घड्याळात बघितलंत. "तो विषय संपलेला आहे," म्हणालात, आणि काच वर गेली.

मित्रांनो, विषय संपलेला नाही. मैदानावर सध्या माझी नवी भावंडं बसवली आहेत. ती मोठ्या शहरांच्या पुलांवर, कारखान्यांच्या दारांवर, पाण्याच्या टाक्यांवर जाणार आहेत. त्यांना शिकवणं सुरू आहे. काल शत्रू म्हणून कोण चाललं माहीत आहे? तीच कपडे धुणारी बाई, डोक्यावर गाठोडं घेऊन. अधिकारी सावलीत होते.

तुम्ही चोर-पोलीस खेळता ना? आपल्या खेळात चोर कोण होतो, ते एकदा नीट बघा. रोज तोच एक मुलगा होतो का? ज्याच्या चपला तुटक्या आहेत तो? जो नाही म्हणू शकत नाही तो? मग उद्या काही हरवलं की वर्गातल्या सगळ्या माना कोणाकडे वळतील? माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे, आळीपाळीने चोर व्हा. मोठ्यांना हे जमलं नाही. त्यांना आपला चेहरा एवढा प्यारा होता.

आणि साहेब, तुम्हाला विनंती नाही. मला वितळवा, सुटे भाग करून विका, मला त्याचं काही नाही. पण मामा अजून फाटकाबाहेर पानटपरीशेजारच्या दगडावर येऊन बसतात. तुमची गाडी दिसली की धडपडत उठतात आणि पाठ ताठ करतात. लेक शेजारी उभी असते. तिने विचारलेलं तुम्हाला नीट ऐकू आलं आहे, काच तेव्हा खाली होती. गाडीतून उतरा, त्या बापलेकीसमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडाने सांगा: मामांना शत्रू कोणी केलं?