जाळीखालची तहान

मित्रांनो, मी एक जुना नहाणी ट्रॅप आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, कारण माझी सगळी गोष्ट नाकाचीच आहे. तुमच्या मोरीत, बाथरूममध्ये, कपडे धुण्याच्या जागेत लादीवर एक गोल जाळी असते ना, तिच्याखाली मी बसलेला असतो. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. पाहण्यासारखं माझ्यात काही नाहीच.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात झाला. तिथून मी शीळफाट्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि धूळ खात लटकलो. मग डोंबिवलीत एक नवी इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत मला सिमेंटने पक्कं बसवलं. त्या दिवसापासून मी जागचा हललो नाही.

माझं काम सोपं आहे. माझ्या खाली गटाराकडे जाणारी नळी, वर तुमचं घर आणि मध्ये मी. माझ्या पोटात थोडं पाणी कायम साचून राहतं. ते पाणी आहे तोवर खालची घाण हवा वर येत नाही. मला पगार नको, कौतुक नको. मला फक्त पाणी हवं.

आणि पाण्याची माझी चैन होती, मित्रांनो! या घरात कलावतीबाई होत्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यावर मुलगा साईनाथ त्यांना इथे घेऊन आला. रोज सकाळी त्या लुगडं वर खोचून दगडासमोर बसायच्या आणि धुणं धोपटायच्या. साबणाचं पाणी, मग खळबळल्याचं पाणी, शेवटी बादलीतलं उरलंसुरलं स्वच्छ पाणी, सगळं माझ्याकडे यायचं. ते शेवटचं पाणी त्या सावकाश ओतायच्या आणि ओतताना काहीतरी गुणगुणायच्या. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढाच काळ सुखाचा होता, हे मी सरळ सांगतो.

वर फळीवर त्यांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात सुकट आणि सुके बोंबील, पावसाळ्याची बेगमी. साईनाथची बायको मेघाली देशावरची. तिच्या माहेरी मासळी शिजत नसे. पण ती मनाने चांगली. घरात डबा नको, एवढंच तिने म्हटलं होतं, म्हणून तो बाल्कनीत राहायचा. दोघींचं छान चाललं होतं.

मग कलावतीबाईंचे गुडघे धरले. मेघालीला ते बघवेना. तिने हौसेने वॉशिंग मशीन आणलं, त्याला हार घातला, पुढ्यात नारळ फोडला आणि म्हणाली, "आई, आता वाकायचं नाही हं. बटण दाबायचं आणि बसायचं." कलावतीबाईंनी मशीनवरून हात फिरवला. लादी ओली होऊन त्यांचा पाय घसरू नये म्हणून मेघालीने मशीनचा पाइप थेट भिंतीतल्या नळीला जोडून घेतला. धुण्याचा दगडही काढून टाकला.

सगळं प्रेमाने झालं. माझी आठवण मात्र कोणालाच झाली नाही. लादी कोरडी ठणठणीत राहू लागली. माझ्या पोटातलं पाणी हळूहळू आटलं आणि एक दिवस संपलं. मग खालची हवा माझ्यातून वर येऊ लागली. मला तोंड नाही, मित्रांनो. तहान लागली हे मी दुसरं कसं सांगणार? तो वास म्हणजे माझी हाक होती.

हाक पोहोचली, पण भलत्याच पत्त्यावर.

मेघालीने आधी फिनाईलचं फडकं पिळून लादी पुसली. मग माझ्या जाळीवर डांबरगोळ्या ठेवल्या. बाल्कनीत कापूर जाळला. या सगळ्यात पाण्याचा थेंब माझ्यापर्यंत आला नाही. शेवटी तिची नजर वर फळीकडे गेली.

"आई, डब्याचं झाकण सैल झालंय का हो? वास येतोय जरा," ती हळूच म्हणाली.

कलावतीबाई तशाच उठल्या. डबा उचलला आणि शेजारणीला देऊन टाकला. फळी राखेने घासली. वास तसाच! रात्री जेवताना साईनाथ हसत म्हणाला, "अगं, आईची सुकट भिंतीत मुरलीय. आता घर विकलं तरी वास जायचा नाय." त्याने गंमत केली होती. कलावतीबाईही हसल्या. मग त्या बाल्कनीत आल्या, पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या आणि स्वतःचाच पदर हुंगून बघू लागल्या. मित्रांनो, ते मला खालून दिसत होतं. माझा जीव तुटला.

त्याच आठवड्यात त्या लेकीकडे, मोहने गावात विनिताच्या घरी गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या. परत आल्या नाहीत. दर वेळी काहीतरी कारण निघायचं.

डबा गेला, डब्याची मालकीण गेली. मी अजून तहानलेलाच होतो. तेव्हा कुठे मेघालीच्या मनात पाल चुकचुकली. एका रविवारी तिने कंबर कसली. मशीनचं दार उघडून रबराच्या घडीत नाक घातलं. तिथे साबणाचाच वास. भिंतीतल्या नळीचं तोंड फडक्याने आवळून बांधलं. वास होताच. मग ती गुडघ्यांवर बसली आणि लादी हुंगत हुंगत माझ्यापर्यंत आली. जाळी उचलून मोबाइलचा उजेड आत पाडला.

"अगंबाई, हा तर कोरडा पडलाय!"

तिने बादली आणली आणि ओतली. ते पहिलं पाणी पोटात उतरताना मला काय वाटलं, हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. थोड्याच वेळात बाल्कनीतला वास गेला. मेघाली मात्र उठली नाही. ओल्या लादीवर बसूनच तिने फोन लावला.

"आई, तो वास तुमच्या सुकटीचा नव्हताच. मोरीचा ट्रॅप सुकला होता. तुम्ही धुणं धुवायचात तेव्हा त्याला पाणी मिळायचं."

फोन स्पीकरवर होता. मला सगळं ऐकू आलं.

"मना ठाव व्हता बाय," कलावतीबाई म्हणाल्या. "जल्म गेला सुकटीत. तिचा वास मना कलनार नाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"मना वाटला, मशीनलाच वास मारतंय. तू येवऱ्या हौशीनं आनलंस, माझ्या गुरग्यांसाठी. त्याला नावं कशी ठेवू?"

मेघालीला हुंदका आवरेना. "या ना घरी. आजच या. मी आणायला येते."

"येन ना," त्या म्हणाल्या. "दोन दिस येन, पावनी म्हनून."

मित्रांनो, मेघाली आता रोज सकाळी माझ्या जाळीत पाणी ओतते. मी भरलेला असतो, वास नाही, तक्रार नाही. तरी तिने बादली उचलली की मला वाटतं, आज ते गुणगुणणं ऐकू येईल. मेघालीही ओतून झाल्यावर दाराकडे बघत थांबते.

तुमच्या घरात कधी वास आला, तर माझ्या भावंडांना आधी मगभर पाणी पाजा आणि मगच घरातल्या माणसाकडे बघा. आम्ही कितीही वाळलो तरी एका बादलीत भरतो. कलावतीबाईंना परत घरच्यासारखं वाटायला किती पाणी लागेल, ते मला माहीत नाही. मेघालीलाही माहीत नाही. ती उद्या मोहन्याला जाणार आहे.