वाऱ्यानं न उडणारी मच्छरदाणी

लेक दूध पिऊन पुन्हा झोपला, सासू त्याच्या उशाशी बसली, तशी कल्पिता साडेसहालाच घराबाहेर पडली. तो उठेपर्यंत रेवदंड्याच्या खाडीकडची चार घरं तरी उरकायची होती. आशाताई होऊन तिला सहाच महिने झालेले. आरोग्य केंद्रानं घरोघर औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या होत्या, आणि लोक त्यांत झोपतात की नाही हे बघायचं काम तिचं.

पहिल्याच घरी मच्छरदाणी अंगणात वाळत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यांवर पसरलेली. "माश्या बसतात ना गो!" वर हे उत्तर. कल्पिता हसत पुढं निघाली, पण शेजारच्या ओटीपाशी तिचे पायच थबकले.

प्राप्ती चटईवर मच्छरदाणीशिवायच झोपली होती. सहावा महिना, अंगावर पातळ चादर, आणि दंडापासून मनगटापर्यंत डास चावल्याच्या लाल गांधी. गेल्या वर्षी हिला मलेरिया झाला आणि पोटातलं मूल गेलं. म्हणून तर कल्पिता दर आठवड्याला इथं डोकवायची. आतल्या पलंगावर मच्छरदाणी टांगलेली दिसली की 'वापरतात' असं लिहून मोकळी व्हायची. तीन आठवडे! तिच्याखाली झोपतं कोण, हे विचारलंच नाही.

"प्राप्ती, अगं आत का नाही झोपलीस?"

"वर पत्रा हाय, ताय. आत नुसती भट्टी," प्राप्ती ओशाळून उठून बसली.

"मग इथं बाहेर बांधायची!"

"बांदली व्हती ना!" तिची सासू ठमाबाई चुलीपासून गरजली. "खाडीवरनं वारा आला नि गेली वर. मच्छरदानी न्हाय ती, शीड हाय! तू म्हनतंस गादीखाली खोचा. चटईखाली खोचली, तर चटईच उचलली. आता बोल!"

ट्रेनिंगमध्ये वाऱ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. कल्पितानं आतली मच्छरदाणी सोडून आणली आणि ओटीवर पसरली. ठमाबाईनं तिची कड बोटांत धरली, जरा झुलवून पाहिली आणि एकदम म्हणाली, "पाग पान्यात कसा बसतो गो?"

पाग म्हणजे हातानं फेकायचं जाळं. ठमाबाईनं जन्मभर तेच विणलेलं.

"घेराला वजन असतं म्हणून!" कल्पिता ओरडलीच. "काकी, लावू या वजन! पण जाळीला भोक नको पडायला."

"मना शिकवतंस?"

ठमाबाईनं जुन्या लुगड्याचे काठ फाडले, दुमडले, मच्छरदाणीच्या कडेला शिवत सुटली. प्राप्तीनं खाडीकाठच्या पुळणीवरचे गुळगुळीत खडे वेचून आणले. मुठीएवढ्या अंतरावर एकेक खडा काठात सोडायचा आणि टाका मारायचा. एक बाजू कल्पितानं घेतली. घरून दोनदा फोन आला, पोरगा उठलाय. "आले, आले," म्हणत ती शिवतच राहिली.

संध्याकाळी लेकाला कडेवर घेऊन ती पुन्हा हजर. मच्छरदाणी ओटीच्या खांबांना बांधलेली. खाडीवरून वारा सुटला. जाळी मधोमध फुगली, पण खालचा काठ जमीन सोडीना! कल्पितानं असा आरडाओरडा केला की लेक आधी दचकला, मग खिदळायला लागला.

तरी तिला धीर निघेना. पहाटे पुन्हा वारा उठतो, तेव्हा काय?

सकाळी सहालाच ती धावत गेली. मच्छरदाणी जागेवर. ओटीपुढं तीन बाया आपापल्या मच्छरदाण्या काखेत मारून उभ्या, आणि ठमाबाई त्यांना दटावत होती, "हळू बोला गो, माजी सून झोपलीय!"

"जागी हाय मी," आतून आवाज आला. "सगली रात भाएर गानी म्हनत व्हते मेले."

"हात दाखव आधी!" कल्पिता म्हणाली.

"भाएर न्हाय काडनार. चावतील. तूच आत ये."

कल्पिता काठ उचलून आत शिरली. प्राप्तीचे दोन्ही हात तिनं उजेडाकडं वळवले, पालथे केले, पुन्हा उलटे केले. कालच्या गांधी कोमेजत आल्या होत्या. नवी एकही नव्हती.

"काय गो, गप का?" बाहेरून ठमाबाई.

"पुन्हा एकदा मोजते, काकी," कल्पिता म्हणाली, आणि हसू दाबत प्राप्तीचा हात तिनं तसाच धरून ठेवला.