बिनफुलाचा देठ

मी एक जुनी टोपली आहे, रानवेलीची विणलेली. मित्रांनो, उत्तर जपानच्या डोंगरात तोयो आजींच्या कमरेला बांधलेली मी चाळीस वसंत हिंडले आहे. त्यांच्या नवऱ्याने मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात विणलं. "तोयोबाईंच्या टोपलीतलं डोळे मिटून खावं," असं गाव म्हणायचं. ते ऐकून मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू!

बर्फ वितळला की आमच्या डोंगरवाटेच्या कडेला निरिन्सोची पांढरी फुलं उमलतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते. पण त्याच ओलाव्यात, त्याला अगदी खेटून, बचनागही उगवतो. पान हुबेहूब तसंच, आणि पोटात गेलं तर माणूस संपलाच. म्हणून देठाला पांढरं फूल दिसल्याशिवाय तोडायचं नाही, हा इथला कायदा.

गेल्या वसंतात आजींची नजर अधू झाली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. पूर्वी त्या एकेक देठ पारखून आत ठेवत. आता मुठी भरून टाकत होत्या. एका मुठीत फुलं होती, आणि फुलांच्या आड एक बिनफुलाचा देठ. बचनाग! मला तोंड नाही. घर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आजी मात्र गुणगुणत चालल्या होत्या.

घरी सून किनुए पोरांच्या जेवणासाठी पाणी उकळत ठेवून बसली होती. तिने मला पालथं केलं आणि एकेक देठ निवडू लागली.

"अगं, परीक्षा घेतेस की काय माझी?" आजी फणकारल्या. "तू या घरात आलीही नव्हतीस, तेव्हापासून चढतेय मी हा डोंगर. टाक पाण्यात!"

किनुएचा हात थबकला. सासूचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तिने भाजी उचलली, तशी माझी वीण न वीण आवळली.

"आई, रागवा हवं तर," ती हळूच म्हणाली, "पण मला नाही जमणार." आणि तिने एक देठ सासूच्या हातात ठेवला. "याचं फूल दाखवा मला."

आजींनी देठ डोळ्यांजवळ नेला. मग बोटांनी टोकापर्यंत चाचपला. पुन्हा चाचपला.

"पोरं जेवायला बसली असती गं," एवढंच त्या बोलल्या.

सगळी भाजी त्यांनी पुरून टाकली. मला ओढ्यावर नेऊन तीनदा घासलं आणि खुंटीला अडकवलं. आठ दिवस माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. आता आपण चुलीत जाणार, या धास्तीने मी सुकून गेले.

नवव्या दिवशी आजींनी मला उतरवलं आणि माझी दोरी किनुएच्या कमरेला बांधली.

"तू तोड. पण घरी आल्यावर मी तपासणार हं, बोटांनी चाचपून, एकेक देठ!"

"तपासा की. मलाही तेवढाच धीर," किनुए म्हणाली.

मित्रांनो, रानात जाल तेव्हा आधी फूल पाहा, मग हात लावा. आणि कुणी तुमची टोपली तपासू लागलं तर रागावू नका. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. किनुएला येत होतं, आणि ती बोलली.