चार बोटं तिरका

शाहूपुरीत एका दुकानाचा स्लॅब टाकायचं काम चालू होतं. वर सहा माणसं काँक्रीट पसरत होती. खाली नवी इंजिनिअर सोनम कांबळेनं स्लॅबखालच्या एका टेकूशेजारी ओळंबा धरला. दोरी जमिनीशी काटकोनात होती, टेकू मात्र बुडाशी चार बोटं बाहेर सरकलेला.

"गणपतीमामा, माणसं खाली घ्या."

"एवढ्यानं काय हुतंय, ताई? मिक्सर भरलाय की!" गणपती मिस्त्री ओरडले.

"आधी माणसं."

ती हटली नाही. गणपतींनी चिडून सगळ्यांना उतरवलं आणि लांबूनच बांबूनं टेकू ढोसला. तो सटकला. त्यावर टेकलेली कोपऱ्यातली लोखंडी प्लेट ओल्या काँक्रीटसकट धाडकन खाली आली.

गणपतींनी हातातला बांबू खाली ठेवला. "आता एकेक टेकू तुमीच बघा, ताई," ते हळूच म्हणाले.