कागदावर न मावणारी आकृती

आश्विनातले ऊन, हळदीच्या ओल्या बोटांसारखे ऊन, वैनगंगेच्या पात्रावर पसरले होते. पूर ओसरला होता. काठावरची काशफुले शुभ्र, अधीर, वाऱ्याच्या एकेका श्वासासरशी झुकत होती. आभाळ निळे होते, निरभ्र होते, निष्ठुर वाटावे इतके स्वच्छ होते.

कुमुदला ते आभाळ दिसत नव्हते. जन्मापासून तिच्या डोळ्यांत उजेडाचा कणही उतरला नव्हता. पण ऊन तिच्या ओळखीचे होते. कपाळावरचे कोवळे ऊन, खांद्यावरचे जड ऊन, कॉलेजच्या पायरीवरचे, तळव्यांना चटका देणारे ऊन. वडिलांच्या कोपराला धरून ती चालत होती, आणि छातीशी तिने एक कापडी पिशवी घट्ट धरली होती.

प्राचार्यांनी बोलावले होते. वडिलांना सोबत घेऊन ये, असा निरोप होता.

सीताराम पराते विणकर होते. धोतरांचे रेशीमकाठ विणता विणता त्यांचा आवाजही रेशमासारखा बारीक झाला होता. वाटेत ते एकदाच बोलले.

“जाऊ दे ना माय. आर्टस् घे. मले तं तेई लय वाटते.”

कुमुदने चाल वाढवली.

दहावीपर्यंत ती नागपूरच्या अंधशाळेत शिकली होती. विज्ञानात पहिली आली होती, आणि गावी परतून विज्ञानशाखेसाठीच अडून बसली होती. “सहामाहीपर्यंत बसू दे, मग पाहू,” असे प्राचार्य जूनमध्ये म्हणाले होते. आता सहामाही झाली होती. आता पाहायचे होते.

श्रावणातल्या एका दुपारी, वर्ग सुटल्यावर, रसायनशास्त्राच्या मेश्राम मॅडमनी तिच्या हाती फुगे दिले होते. सारखे फुगवलेले, तोंडाशी एकत्र बांधलेले. दोन फुगे: एक या टोकाला, एक त्या टोकाला, सरळ रेषेत. तीन फुगे: त्रिकोण, पसरट, शांत. “आता चौथा,” मॅडम म्हणाल्या. “सांग, कुठे जाईल?”

कुमुदने मनात फुली काढली. चार टोकांची, सपाट फुली. मॅडमनी चौथा फुगा बांधला, आणि तिच्या तळव्याखाली तो गुच्छ उसळला! सपाट राहीना. तीन फुगे तिवईसारखे पाय रोवून टेकले, आणि चौथा शिखरासारखा उभा राहिला.

“इलेक्ट्रॉनांच्या जोड्या अशाच वागतात,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्यांवर ऋण भार. एकमेकींना लोटतात. जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन थांबतात. रेणूला आकार येतो तो या लोटण्यातून.”

लोटण्यातून! मागावर तर ताणून, बांधून, ठोकून आकार येतो. धरून ठेवले तरच वस्तू वस्तू राहते, असे तिने बाळपणापासून हातांनी जाणले होते. आणि इथे, कणांच्या त्या अदृश्य, अथांग, अणुमात्र जगात, नकारातून आकार जन्मत होता. दूर हो, म्हणण्यातून. माझी जागा माझी, म्हणण्यातून. त्या दुपारी घरी जाताना तिचे तळवे तापल्यासारखे झाले होते.

मग सहामाहीत प्रश्न आला: मिथेनची आकृती काढा. कार्बनभोवती चार जोड्या, म्हणजे तोच चार फुग्यांचा गुच्छ. तिची उत्तरे लिहून घेणाऱ्या मुलीने कागदावर फुली काढली.

“सपाट नको काढू,” कुमुद म्हणाली.

“कागदच सपाट आहे, तर मी काय करू?”

तेव्हा कुमुदने तिला लिहायला लावले: ही आकृती कागदावर मावत नाही.

प्राचार्य देशकरांच्या टेबलावर आज तीच उत्तरपत्रिका होती, आणि तिच्याशेजारी शाखा बदलण्याचा छापील अर्ज. मेश्राम मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. देशकर दुष्ट नव्हते, धास्तावलेले होते.

“उद्या प्रयोगशाळेत आम्ल अंगावर सांडलं तर कोणाला धरतील? मलाच ना?” ते म्हणाले. “आणि हा उर्मटपणा वर! कागदावर मावत नाही म्हणे. पराते, सही करा इथे.”

“घरी चूल मीच पेटवते, सर,” कुमुद म्हणाली. “आणि ती आकृती खरंच मावत नाही.”

तिने पिशवी उघडली. एक फुगा फुगवला. दुसरा. तिसरा. चौथा. त्या निःशब्द, करड्या, फायलींच्या वासाच्या खोलीत फक्त तिचा श्वास भरत होता. वडिलांच्या मागावरच्या रेशीमधाग्याने तिने चौघांना एकत्र आवळले, आणि तो गुच्छ नेमका त्या अर्जावर ठेवला.

“हा मिथेन. याला सपाट करा, सर.”

देशकरांनी मॅडमकडे पाहिले. किंचित हसले. मग दोन्ही हातांनी त्यांनी गुच्छ दाबला. हात काढले, आणि फुगे उसळून पुन्हा उभे.

“पुन्हा दाबा.”

त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा उभे.

“आता यातल्या दोघांना अणू जोडलेलाच नाही असं समजा,” दोन फुग्यांवर तळवे ठेवून ती म्हणाली. “एकाकी जोड्या. अणू मोजताना त्यांना कोणी मोजत नाही. पण त्याच जास्त जागा घेतात, बाकीच्यांना रेटतात. पाण्याचा रेणू वाकलेला आहे तो त्यांच्यामुळे. सरळ असता तर ते आपलं पाणी राहिलंच नसतं.”

देशकरांनी चष्मा काढला. वीस वर्षांपूर्वी तेही हाच विषय शिकवत होते.

“पाच जोड्या असल्या तर?”

“सर, ते अजून शिकवलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“विचारू द्या, मॅडम.” कुमुदने पाचवा फुगा ओठांशी नेला.

पाचवा आत शिरला आणि गुच्छ थरथरला. तिची बोटे त्यांच्यावरून फिरू लागली, सावकाश, विलंबित, आलापासारखी. एकाला ढकलले, दुसरा सरकला. दुसऱ्याला सोडले, तिसरा वळला. तिने श्वास रोखला होता. मग तिचा चेहरा उमलला.

“तिघं कमरेभोवती, एका पातळीत. एक वर. एक खाली.”

उत्तर बरोबर होते. खोलीतल्या तिघांना तिने ते ऐकवले, आणि त्यांपैकी दोघांना ते कळले. देशकर खात्री करायला पुढे झुकले, त्यांच्या अंगठीचे टोक लागले, आणि फटकन् एक फुगा फुटला!

सीताराम दचकून मागे सरले. कुमुद हलली नाही. तिच्या हातांखाली उरलेले चौघे क्षणभर डळमळले, सरकले, एकमेकांना रेटत पांगले, आणि थांबले. तीन खाली. एक शिखरासारखा.

“एक गेला,” ती म्हणाली. “उरलेल्यांनी आपली जागा शोधली.”

मग तो रेशमासारखा बारीक आवाज आला, पण आज त्यात मागाच्या काठीचा टणकपणा होता.

“मले यातलं काईच समजत नाई, साहेब. पर या कागदावर मी सही नाई करत.”

देशकरांनी अर्ज खसकन् ओढून घेतला. “मग मी शिक्षण मंडळाला लिहितो. उत्तर येईपर्यंत हिने वर्गात बसायचं नाही.”

“बसणार, सर,” कुमुद म्हणाली.

आणि ती बसली. त्याच दिवशी, तिसऱ्या तासाला, पहिल्या बाकावर. दुसऱ्या दिवशीही. कार्तिकात बसली, मार्गशीर्षात बसली. देशकर व्हरांड्यातून जाताना दारापाशी थबकत, आत पाहत, आणि पुढे जात. तिला त्यांच्या बुटांचा थबकणारा आवाज ऐकू येई. ती मान वळवत नसे.

पौषाच्या एका धुकेभरल्या सकाळी मंडळाचे पत्र आले. मेश्राम मॅडम ते घेऊन प्रयोगशाळेत जवळजवळ धावतच शिरल्या.

“कुमुद! परवानगी आली!”

कुमुद बर्नरपाशी उभी होती. चिमट्यात धरलेली परीक्षानळी ज्योतीवर तिरकी, तोंड रिकाम्या भिंतीकडे, आणि कान नळीकडे लावलेला.

“थांबा, मॅडम,” ती म्हणाली. “उकळी येतेय.”

नळीच्या तळाशी एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग काच गुणगुणू लागली, दाटून, दुणावून, उसळून. आणि पांढरी, निर्भय, निर्बंध वाफ त्या थंड खोलीत वर चढत गेली, वर चढत गेली.