चोक ओढलास का?

गाडी फुकट मिळाली, तिथेच घोळ झाला. विकत घेतली असती तर उल्हासला निदान म्हणता आलं असतं, माझी वस्तू आहे, मी तिचं वाटेल ते करीन. पण मराठी मंडळात ओळख झालेल्या जगन्नाथकाकांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवताना एक छदामही घेतला नव्हता. एवढंच म्हणाले होते, "चालू झाली की मला एकदा बसव. आवाज ऐकायचाय तिचा."

सहासष्ट सालची निळी फोर्ड पिकअप. काकांनी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज गावी शिकत असताना ती जुनीच घेतली होती. पुढे टेक्सासमध्ये नोकरी लागली तेव्हा शोभाकाकू आणि मांडीवरची गिरिजा पुढच्या लांब सीटवर, मागे सगळा संसार दोरीने बांधलेला, असे ते तिच्यातूनच प्लेनोला आले. बॉनेटखालचं सगळं काका स्वतःच्या हाताने करायचे. मग काचबिंदूने डोळे गेले आणि गाडी गराजमध्ये धूळ खात पडली.

उल्हास मूळचा नागपूरचा, इथल्या एका बड्या कंपनीत मॅनेजर. जुनी सिस्टीम उपटायची आणि नवी बसवायची, हेच त्याचं काम. तीच खोड त्याने गाडीला लावली.

इंजिन बिघडलेलं नव्हतं. नुसतं दमलं होतं. मेकॅनिकने स्वच्छ सांगितलं, उघडून पिस्टनच्या रिंगा बदलू, दोन-तीन महिने लागतील, मग पुढची कित्येक वर्षं बघायला नको. उल्हासला थांबायचं नव्हतं. रविवारी सकाळी जुन्या गाड्यावाले एका पार्किंग लॉटमध्ये जमतात, कॉफी पितात, एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतात. तिथे त्याला बॉनेट उघडून उभं राहायचं होतं. चार गोऱ्यांनी 'नाइस ट्रक, मॅन' म्हणायला हवं होतं. आपल्या लोकांना या तीन शब्दांची भूक किती असते ते आपल्यालाच माहीत. उगाच नाकारू नका.

सहा सिलिंडरचं जुनं इंजिन निघालं, आठ सिलिंडरचं नवंकोरं बसलं. गिअरसुद्धा ऑटोमॅटिक. "जुनं ठेवायचंय का?" मेकॅनिकने विचारलं तेव्हा उल्हास फोनवर मीटिंगमध्ये होता. त्याने हातानेच खूण केली, न्या. भंगारवाला घेऊन गेला. चोकचा नॉब तेवढा डॅशबोर्डवर राहिला. थंड इंजिन चालू करताना पूर्वी तो ओढावा लागायचा. आता त्याच्यामागे काही जोडलेलंच नव्हतं, पण दिसायला झकास दिसायचा.

"काकांना सांगितलंस?" निधीने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं.

"अगं, इम्प्रूव्हच केलीये ना. आवडेल त्यांना."

"आवडेल तर सांगत का नाहीस?"

त्यावर त्याला एकदम लॅपटॉप चार्ज करायचं आठवलं.

पुढचे कितीतरी महिने रविवारी कॉफी आणि गाड्या सुरू राहिल्या, आणि काकांचा फोन आला की 'खूप बिझी आहे काका, नेक्स्ट वीकेंड नक्की.' मग एक दिवस काकूंचा फोन आला.

"उल्हास, एकदा ये रे बाबा. ह्यांचं काही खरं नाही आता. परवा गॅस तसाच चालू ठेवला. मला गिरिजा म्हणून हाक मारतात. ती म्हणतेय, आई, बाबांसाठी चांगलं केअर होम बघू, तुला एकटीला झेपणार नाही. हे हट्टाला पेटलेत. म्हणतात, माझी गाडी आणा. तिचा आवाज ओळखता आला नाही तर कुठे पाठवायचं तिथे पाठवा, तोंडातून शब्द काढणार नाही."

"सांगूनच येतो," उल्हास निधीला म्हणाला. निधीने फक्त बघितलं, आणि ते पुरलं.

काका ड्राइव्हवेवर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. मुलगी बघायला निघाल्यासारखे. गाडीचा आवाज त्यांनी लांबून ऐकू नये म्हणून उल्हासने ती वळणावरच बंद केली आणि उतारावरून नुसती घरंगळत आणली. सांगायलाच आला होता म्हणे! सांगणारा माणूस असं करतो?

काका आत बसले. सीटवरून हात फिरवला. "चोक ओढलास का?"

"ओढतो काका."

"थांब, मी ओढतो." त्यांचा हात न चाचपडता थेट नॉबवर गेला. ओढताच तो सुळकन बाहेर आला. काकांच्या कपाळाला आठी पडली. "हलका झाला रे."

"नवी केबल टाकली, काका."

हे तोंडातून कसं गेलं ते त्यालाही कळलं नाही. किल्ली फिरवली. इंजिन तत्क्षणी गरजलं.

"इतक्यात?" काका म्हणाले. मग मान तिरकी करून ऐकत राहिले. "रेस कर. सोड. परत कर." त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ही नव्हे."

काकू खिडकीशी वाकल्या. "अहो, असं काय करता? तीच आहे. निळी. हा बघा दाराला पोचा, गिरिजाने सायकल घातलेली."

काकांनी हात बाहेर काढून पोचा चाचपला. बराच वेळ बोट त्या खळग्यात तसंच ठेवलं.

"पोचा तर आहे," ते म्हणाले. "उल्हास, माझीच गाडी आहे ना ही?"

"हो काका. तुमचीच."

"मग माझंच गेलं." त्यांनी हात आत घेतला. "शोभा, गिरिजाला फोन लाव. म्हणावं, बाबा तयार आहेत."

दोन महिने याच वाक्यासाठी भांडणाऱ्या काकूंना रडूच फुटलं. "अहो, परत एकदा ऐका की नीट."

"ऐकलं गं. सगळी हयात ऐकलेला आवाज मला परका लागतोय. आता काय राहिलं?"

काकूंनी डोळे पुसत फोन काढला. उल्हासने त्यांचं बोट स्क्रीनवर फिरताना पाहिलं. एक म्हातारा आपल्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःला वेडा ठरवतोय, आणि आपण स्टिअरिंग धरून बसलोय! त्याने गाडी बंद केली.

"काका, इंजिन बदललंय."

"काय?"

"इंजिन वेगळं आहे. आठ सिलिंडरचं. चोक नुसता शोभेला आहे. केबलबिबल काही नाही. मी खोटं बोललो."

काकांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "शोभा! फोन ठेव! ऐकलंस? आठ सिलिंडर! तरी म्हटलं, ही नव्हे! कान शाबूत आहेत माझे, डोकंही शाबूत आहे!" ते हसत होते. पोरासारखे हसत होते.

काकूंना हसू आलं नाही. "मेल्या," त्या उल्हासला म्हणाल्या, "मघाशी दातखीळ बसली होती?"

"असू दे गं," काका म्हणाले. "बरं, जुनं तुझ्याकडेच आहे ना? असं करू, लाकडी घोडीवर चढवू, तिथल्या तिथे चालू करू. चोक मात्र मी ओढणार."

"भंगारात दिलं, काका."

"चाललं नसतं का?"

"चाललं असतं."

बाहेर आलेला नॉब काकांनी हळूहळू आत ढकलला, इंजिन गरम झाल्यावर ढकलतात तसा, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "दार उघड."

काकूंच्या खांद्यावर हात ठेवून ते उतरले. काकू सवयीने "चहा..." म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या.

"काका, गाडी तुमच्याकडेच राहू द्या," उल्हासने किल्ली पुढे केली.

"माझी कुठंय ही?" काका मान न वळवता म्हणाले. "आत्ता तूच सांगितलंस की." आणि पायऱ्या मोजत घरात गेले.

उल्हास परत गाडीत बसला. आज तरी हिने थोडं अडावं, खोकावं, दोनदा किल्ली फिरवायला लावावी, असं त्याला वाटलं. त्याने किल्ली फिरवली.

पहिल्या झटक्यात चालू झाली.